वेशीपलीकडची मोगलाई

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी बरीच वर्षे हिशेब लिहिले. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मालकांनी खुर्ची मुलाच्या हाती दिली. मुलगा शिकलेला, स्वभावानेही बरा. पण आल्या आल्या त्याने एक फलक लावला: पाळी चालू असताना मागापाशी दोघांपेक्षा जास्त जणांनी उभे राहून बोलू नये. आमचा म्हातारा जॉबर फलकासमोर थांबला, कुणाकडून तरी तो वाचून घेतला आणि म्हणाला, "ही काय मोगलाई लागली का?"

सगळे हसले. फलकही आठ दिवसांत उतरला. पण तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. जॉबर पद्मशाली. त्याच्या घरी तेलुगू बोलतात आणि त्याचे आजोबा, त्याच्या भाषेत 'ताता', करीमनगरकडून पायी सोलापूरला आलेले. मोगल बादशहाशी या माणसाचा काय संबंध? मग लक्षात आले की आपल्या भागात 'मोगलाई' म्हणजे दिल्ली नव्हेच. सोलापूरच्या जुन्या माणसांसाठी मोगलाई म्हणजे निजामाचे राज्य. तुळजापूर मोगलाईत, नळदुर्ग मोगलाईत, गुलबर्गा मोगलाईत. शहरातून सकाळी बैलगाडी जोडली तर संध्याकाळच्या आत जिथे पोचता येई, तिथे दुसरे नाणे, दुसरा सन, दुसरी राजभाषा आणि दुसरा कायदा होता. जॉबरने सहज उच्चारलेल्या वाक्यात त्याच्या आजोबांचे अर्धे आयुष्य होते. त्या वाक्याचा माग काढताना जे हाती आले, ते इथे मांडतो आहे.

नोकरीची झाली गादी

घराणेशाहीची गोष्ट बहुधा गादीपासून सांगितली जाते. हैदराबादची गोष्ट मात्र नोकरीपासून सुरू होते. मीर कमरुद्दीन हा मोगल बादशहाचा सरदार. 'निजाम-उल-मुल्क' हा त्याला मिळालेला किताब आणि दख्खनची सुभेदारी हे त्याचे पद. सुभेदार बदलता येतो, परत बोलावता येतो. बापाची सुभेदारी मुलाला मिळावी असा काही नियम नव्हता. 1724 साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला त्याने मुबारिझखानाचा पराभव केला आणि त्यानंतर दख्खन त्याच्या हातून कुणी काढून घेऊ शकले नाही. तरी त्याने स्वतःला बादशहा म्हणवले नाही. हैदराबादची नाणी पुढे शंभराहून अधिक वर्षे, 1857च्या उठावापर्यंत, मोगल बादशहाच्याच नावाने पडत राहिली. नाव नोकराचे आणि कारभार धन्याचा, अशी ती व्यवस्था होती.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. बाळाजी विश्वनाथांना 1713 साली शाहू महाराजांनी पेशवेपद दिले ते नेमणूक म्हणून. दोन पिढ्यांत ते पद घराण्याचे झाले. नेमणुकीचा वारसा होतो तेव्हा तो जाहीरनाम्याने होत नाही. एकदा मुलाला मिळते, मग नातवाला मिळते आणि तिसऱ्या वेळी वेगळे काही होऊ शकते हेच लोक विसरतात.

पहिला निजाम 1748 साली बऱ्हाणपूरला वारला आणि वारसाहक्काचा खरा चेहरा लगेच दिसला. मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुझफ्फरजंग यांच्यात झगडा लागला. एकामागे इंग्रज, दुसऱ्यामागे फ्रेंच. 1750च्या अखेरीस नासिरजंग मारला गेला, 1751च्या आरंभी मुझफ्फरजंगही गेला. मग सलाबतजंग आला. त्याला त्याच्याच भावाने, निजामअलीने, 1762 साली बाजूला सारून बीदरच्या किल्ल्यात ठेवले आणि पुढल्या वर्षी तो तिथेच संपला. त्यानंतरचे वारस शांतपणे गादीवर आले. त्या शांततेचे कारण 1798च्या तैनाती फौजेच्या करारात आहे. वारस कोण, हे ठरवायला आता दारात इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला होता. सहावा निजाम महबूब अलीखान 1869 साली गादीवर आला तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्या वयाचे मूल पावणेदोनशे मैलांवरच्या माणसाच्या जमिनीचे मालक ठरते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, हे वारसाहक्काचे सर्वात मोठे यश म्हणायला हवे.

आमच्या रस्त्याला ज्या गावाचे नाव आहे, ते अक्कलकोटही संस्थानच. पारद गावच्या पाटलाचे पोर 1707 साली त्याच्या विधवा आईने शाहू महाराजांच्या पालखीसमोर आणून घातले. महाराजांनी त्याला आपल्या घरात वाढवले, फत्तेसिंह भोसले हे नाव दिले. त्याच्याकडून अक्कलकोटची गादी चालत आली. 1848 साली सातारचे राज्य दत्तकाच्या वादात खालसा झाल्यावर अक्कलकोटकर थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. रक्त की दत्तक, हा प्रश्न धर्मशास्त्राचा राहिला नव्हता. तो गव्हर्नर जनरलच्या मर्जीचा झाला होता. म्हणजे सोलापूर शहर तेव्हा अशा ठिकाणी वसले होते की कुठल्याही वेशीने बाहेर पडून चालत राहिले की कुणाच्या ना कुणाच्या वंशपरंपरेत पाय पडे.

नाक्यापलीकडचे जगणे

1911 साली मीर उस्मान अलीखान गादीवर आला. राज्य सुमारे 82 हजार चौरस मैलांचे. 1941च्या शिरगणतीत लोकसंख्या 1 कोटी 63 लाखांच्या घरात. 16 जिल्ह्यांपैकी 8 तेलुगू, 5 मराठी, 3 कानडी, राजभाषा उर्दू. राज्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाची जमीन 'सर्फ-ए-खास', म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चाची. आणखी जवळपास तिसरा हिस्सा जहागीरदारांकडे. फेब्रुवारी 1937 मध्ये 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकाने जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले.

या राज्याला समुद्र नव्हता. निजामाला गोव्याच्या मुरगाव बंदराची आस अखेरपर्यंत राहिली. पण त्याच्याकडे स्वतःचे नाणे होते, टपाल होते, रेल्वे होती, जकात होती. सोलापूरहून पलीकडे जाणाऱ्याला आधी 'करोडगिरी'चा नाका लागे. गाठोडे सोडून दाखवावे लागे. इकडचा रुपया 'कलदार', तिकडचा 'हाली'. 100 कलदारांना साधारण 116 हाली, असा हिशेब व्यापाऱ्यांच्या तोंडी असे. पलीकडच्या कागदावर फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे महिने. कोजागिरीला सोलापुरातून हजारो माणसे आजही तुळजापूरला पायी निघतात. त्या दिवशी आमचे निम्मे माग बंद असत. छत्रपतींची कुलदेवता निजामाच्या हद्दीत होती आणि तिच्या दर्शनाला जाणारे लोक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालत जात, हे आताच्या चालणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते.

नाणे आणि सन यांची सवय होते. सवय होत नाही ती बोलण्यावरच्या बंदीची. सभा भरवायची तर आधी परवानगी हवी, असा दंडक 'गश्ती निशाण 53' या नावाने कुप्रसिद्ध झाला. खासगी शाळा, आखाडे, ग्रंथालये यांच्यावरही नजर असे. वर्तमानपत्रांची तऱ्हा त्याहून बिकट. आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' हे पत्र पुण्याहून छापून आत पाठवावे लागे. बंदी आली की नाव बदलायचे आणि पुन्हा पाठवायचे, असा खेळ चाले. आपल्याच गावाची बातमी दोनशे मैलांवरून चोरून यावी, यापरते एकाकीपण कोणते? मुलुख बंद असतो तो केवळ भिंतींनी नव्हे. शेजारच्या तालुक्यात काय झाले हे कळू नये, एवढी व्यवस्था केली की पुरते.

सत्ताधाऱ्याच्या नावांचाही एक पसारा असतो. धाराशिवचे उस्मानाबाद झाले. त्याआधी महबूबनगर होतेच. उस्मानसागर, उस्मानिया रुग्णालय, 1918चे उस्मानिया विद्यापीठ. न्यायाने सांगायचे तर ही सगळी कामे खरी आणि उपयोगाची होती. 1908च्या मुसी नदीच्या महापुरानंतर बांधलेल्या तलावाने हैदराबादला पाणी दिले. उर्दूतून का होईना, पण देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग धाडसी होता. परंतु त्याच विद्यापीठात 1938 साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून विद्यार्थी बाहेर काढले गेले. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले; पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. देणगी म्हणून मिळालेली गोष्ट परतही घेतली जाते. हक्क आणि देणगी यांतला फरक त्या मुलांना एका दिवसात कळला असेल.

खालचा वारसा

इथवर मी राजाबद्दल लिहिले. जॉबरचे आजोबा मात्र राजाला भ्यायले नव्हते. त्यांनी निजाम कधी पाहिलाही नसणार. ते भ्याले गावच्या दोराला, म्हणजे देशमुखाला. जॉबरने मला जे सांगितले त्यात हैदराबाद नव्हतेच. त्यात 'वेट्टी' होती.

वेट्टी म्हणजे आपली वेठ. तेलंगणात तिचे जाळे फार घट्ट होते. देशमुखाच्या घरच्या लग्नात विणकराने कापड द्यायचे, कुंभाराने मडकी, परटाने धुणे, चांभाराने चपला, आणि ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही नाही त्यांनी अंग झिजवायचे. कायद्याने ती बंद झाल्याचे जाहीर झाले तरी गावात चालूच राहिली. कर्जापोटी गडी म्हणून राबणाऱ्यांना 'भगेला' म्हणत. 1936 साली सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच चाल किती रुजली होती ते कळते. बापाचे कर्ज मुलगा फेडी आणि फिटले नाही तर नातू.

इथे मला माझ्या विषयाची किल्ली सापडली असे वाटते. वरती गादीचा वारसा एका घरात चालतो. पण तो चालायचा तर खाली वेठीचा वारसा हजारो घरांत चालावा लागतो. देशमुखाचा मुलगा देशमुख होणार असेल तर भगेल्याचा मुलगा भगेलाच व्हायला हवा. राजाचा वारस ठरवणारा समारंभ आपण पाहतो. प्रजेचे वारस रोज पहाटे देशमुखाच्या अंगणात झाडू घेऊन उभे असतात. त्याचा समारंभ होत नाही.

हे पाप एकट्या निजामाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. नाक्याच्या अलीकडे इंग्रजी मुलखात 1874चा वतन कायदा होता आणि महार वतन नावाची वंशपरंपरेची चाकरीही होती. त्या कायद्यात बदल करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ वतने प्रत्यक्षात बंद व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उलटत आले. सोलापुरातही लष्करी कायदा लागला होता, 1930 साली. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी झाली, ती निजामाने दिली नव्हती. तरीही ताता सोलापूरला आले. कारण इथे 1877 साली सुरू झालेली जुनी मिल होती, तिच्या मागोमाग आणखी गिरण्या आल्या होत्या, हातमागांचे कारखाने होते. पगार थोडा असे, पण रोख मिळे. संध्याकाळी भोंगा वाजला की माणूस सुटे. देशमुखाच्या अंगणात भोंगा नव्हता. दुष्काळ, मागांची मंदी आणि वेठ अशा तिन्ही कारणांनी तेलंगणातले विणकर पिढ्यान् पिढ्या सोलापूरला येत राहिले. आज अक्कलकोट रोडवर ज्या चादरी आणि टॉवेल विणले जातात, त्यांच्या ताण्यात ही माणसे आहेत.

सप्टेंबर 1948

सोलापूर हे नुसते पळून येण्याचे ठिकाण राहिले नाही. डिसेंबर 1938 मध्ये लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली इथे आर्य परिषद भरली आणि पुढच्या वर्षीचा आर्य समाजाचा सत्याग्रह उभा राहिला. त्याच सुमारास हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून या लढ्यात आलेले. शाळामास्तराला स्वामी आणि स्वामीला सत्याग्रही व्हावे लागले, यातही त्या राज्याचे वर्णन येते. तेलंगणात 4 जुलै 1946 रोजी कडवेंडीला दोड्डी कोमरय्या देशमुखाच्या माणसांच्या गोळीने पडला आणि वेठीविरुद्धचा उठाव पेटला.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा निजामाने वेगळे राहण्याचा हट्ट धरला. 29 नोव्हेंबर 1947ला 'जैसे थे' करार झाला. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांच्या बळावर राज्याचा खरा सूत्रधार बनला. सीमेवरची गावे ओस पडू लागली, निर्वासित सोलापूर-बार्शीकडे आले, सीमेलगत सशस्त्र तरुणांच्या छावण्या उभ्या राहिल्या. हा झगडा दोन धर्मांचा होता असे म्हणणाऱ्यांनी 'इमरोज'चा संपादक शोएबुल्लाखान आठवावा. रझाकारांविरुद्ध उर्दूत लिहिल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला.

13 सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालच्या फौजा सोलापूरच्या बाजूने आत शिरल्या. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. सव्वादोनशे वर्षांचे राज्य पाच दिवसांत संपले.

या पाच दिवसांनंतरचेही लिहिले पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड म्हणून, आणि पुष्कळ ठिकाणी निव्वळ लुटीसाठी, निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा आकडा 27 ते 40 हजारांच्या दरम्यान अंदाजला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचा उस्मानाबाद जिल्हा नोंदवला. तो अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. सत्ता एका घराण्याची, पण तिची किंमत चुकवली ती बहुतांशी अशा लोकांनी ज्यांना त्या घराण्याकडून काहीच मिळाले नव्हते. मुक्तीचा इतिहास लिहिताना हे पान गाळले, तर बातमी नाक्यावर अडवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक उरत नाही.

दोन तारखा

या टिपणांसाठी 1948ची दिनदर्शिका चाळताना एक योगायोग दिसला. भारतीय फौजा सोलापूरहून निघण्याच्या चारच दिवस आधी, 9 सप्टेंबर 1948 रोजी, उत्तर कोरियाचे 'लोकशाही जनता प्रजासत्ताक' जाहीर झाले. एक वंशपरंपरेचे राज्य मावळत असताना दुसरे उगवत होते, मात्र तेव्हा तसे कुणालाच वाटले नसते. नावात लोकशाही, जनता आणि प्रजासत्ताक असे तिन्ही शब्द होते. 1970 साली तिथे छापलेल्या राजकीय शब्दकोशात वंशपरंपरेने पद मिळणे ही शोषक समाजाची प्रतिगामी चाल म्हटली होती. 1972च्या आवृत्तीत ती नोंद नाहीशी झाली. 1980च्या पक्ष अधिवेशनात किम इल-सुंग यांचा मुलगा किम जोंग-इल उघडपणे पुढे आला, 1994 साली बापाच्या जागी बसला आणि 2011च्या डिसेंबरात नातू किम जोंग-उन. पक्षाचे पद होते, त्याची गादी झाली. साखरखेर्ड्यानंतर जे घडले तेच हे.

आणि इथेही खालचा वारसा आहेच. 'सोंगबुन' नावाच्या व्यवस्थेत प्रत्येक कुटुंबाची एकनिष्ठ, डळमळीत आणि शत्रू अशा गटांत नोंद असते. आजोबा जमीनदार होते की जपान्यांचे नोकर होते, यावर नातवाचे शिक्षण, नोकरी आणि राजधानीत राहण्याची परवानगी ठरते. आमच्या धंद्यातलीच एक गोष्ट सांगतो. री सुंग-गी या कोरियन शास्त्रज्ञाने चुनखडी आणि कोळशापासून 'विनालॉन' नावाचा धागा शोधला. कापूस फारसा न पिकणाऱ्या त्या देशाने, कुणाकडून काही घ्यायला नको म्हणून, त्याच धाग्याचे कपडे लोकांना घातले. तो कडक, आणि त्यावर रंग नीट चढत नाही. आमच्या रंगशाळेतल्या माणसाला हे सांगितले तेव्हा तो चुकचुकला. ज्या सुताला दुसऱ्या सुताचा हात लागत नाही, त्याचा टॉवेल होत नाही म्हणाला.

दोन्ही राज्ये सारखी होती असे मी म्हणणार नाही. निजामाचा नाका गाठोडे तपासे. माणसाला जाऊ देई. ताता निघाले तेव्हा कुणी त्यांच्यावर बंदूक रोखली नाही. उत्तर कोरियातून तुमेन नदी ओलांडणाऱ्याला पकडले तर तुरुंगवास, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांनाही त्याची झळ. निघून जाता येणे हे प्रजेचे शेवटचे मत असते. हैदराबादच्या प्रजेला मतपेटी नव्हती, पण हे एवढे मत होते; त्यावर सोलापूर वाढले.

निजामाच्या गादीचा शेवट मात्र साधा झाला. जागीरदारी 1949 साली गेली. उस्मान अलीखान 1956 पर्यंत राजप्रमुख राहिला. त्याने थोरला मुलगा आझमजाह याला डावलून नातू मुकर्रमजाह याला वारस केले आणि 1967 साली आजोबांनंतर नातू नावाचा निजाम झाला. 1971च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि किताब संपले. नातवाने पुढची कितीतरी वर्षे ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या कुरणावर आणि नंतर तुर्कस्तानात काढली. जानेवारी 2023 मध्ये इस्तंबूलला तो वारला आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत त्याला दफन केले. त्याच वर्षी उस्मानाबादचे अधिकृत नाव पुन्हा धाराशिव झाले.

जॉबर आता मागावर येत नाही. त्याचा नातू पुण्याला संगणकाचे काम करतो, मागाला त्याने हात लावलेला नाही. याचे म्हाताऱ्याला वाईट वाटत असेल, असे समजून मी एकदा सांत्वनाचे काही बोलायला गेलो. तो म्हणाला, ताता पायी आले ते एवढ्याचसाठी. बापाचे काम पोराने करायचेच असते, असे सांगणारा कुणी राहू नये.

मग त्याने मला विचारले, धाकट्या मालकाच्या मुलाला कारखाना घ्यायचा आहे की नाही, हे त्याला कुणी विचारले आहे का?